ह्यांचा एक फोटो

१

आमच्या घरात अख्ख्या जव्हारचे फोटो होते, फक्त ह्यांचा नव्हता. हे संस्थानच्या बांधकाम खात्यात. रस्ता झाला, काढा फोटो. मोरी बांधली, काढा फोटो. दाभोशाचा धबधबा बघायला कुणी बडा पाहुणा आला, की ह्यांना बोलावणं आलंच. सुट्टीच्या दिवशी कुणी नव्या सुनेला घेऊन अंगणात उभं राही, कुणी म्हाताऱ्या बापाला पाठुंगळी मारून आणी. त्या सगळ्यांची तोंडं माझ्या हाताखालून गेली. हे मात्र कायम कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली. आमच्या लग्नात फोटो कुठला असायला! आमच्याकडे तेव्हा कुणी कॅमेरा बघितलाही नव्हता.

मी कधी कधी चिडवायची, "लोकांची तोंडं धुऊन माझी नखं काळी पडली. तुमचं एक धुऊ द्या की."

हे म्हणायचे, "माझं तोंड तुला रोज फुकट दिसतंय. त्याला कागद कशाला नासायचा?"

फोटो धुण्याचं काम आम्ही कोठीच्या खोलीत करत असू. धान्याची खोली ती, खिडकी नाही, दाराला आतून गोधडी लावली की झालं. फळीवर तीन तबकं मांडायची: एकात औषध, एकात साधं पाणी, एकात हायपो. औषधात चित्र उमटतं आणि हायपोत ते कायम होतं, एवढं कळलं तरी पुरे. तबक सारखं हलतं ठेवावं लागतं, नाहीतर डाग पडतात. ते काम ह्यांचं. फळीपलीकडे उभे राहून एका हाताने तबकाची कड उचलायची, सोडायची, आणि तोंडाने पाढे म्हणायचे. घड्याळ दिसत नसे, म्हणून पाढे. कुठला पाढा संपला की फोटोची काच काढायची, ते ठरलेलं. काच उलटायचं काम माझं. माझ्या बांगड्या तबकाला लागायच्या, की हे पाढा मध्येच सोडून "हं" करायचे. पुन्हा पहिल्यापासून, बाई!

पत्र्याचा एक दिवा होता. पुढे लाल काच आणि काचेवर सरकतं झाकण. त्या लाल उजेडात फोटोच्या पांढऱ्या काचेवर आधी सदरा उमटे, मग पागोटं, मग कान. माणूस असा हळूहळू येताना बघणं, खरं सांगते, मला त्यातच सुख होतं. बाकी त्या औषधाचा वास कुणाला हवा होता!

२

मग ह्यांनी मुंबईहून ती नवी फिल्म मागवली. पूर्वी काचा असत, जड आणि फुटक्या स्वभावाच्या. ही जाड कागदासारखी, वीतभर रुंद आणि त्याहून थोडी लांब. कोपऱ्याला बारीक खाच. अंधारात बोटाला खाच लागली की उलटसुलट बाजू कळते.

"पण एक आहे," हे म्हणाले. "जुन्या काचा लाल उजेडाला आंधळ्या होत्या. हिला लालही दिसतो. आता दिवा बंद. पूर्ण अंधारात धुवायची."

"मग तोंडं कधी बघायची?"

"झाल्यावर."

"झाल्यावर काय, कुणीही बघेल," मी म्हटलं आणि फणकाऱ्याने आत गेले. एवढ्यातेवढ्याला फणकारायची सवयच होती मला. ह्यांनाही त्याची सवय होती.

ते आश्विनाचे दिवस. दिवाळीला मला माहेरी, कल्याणला, पोचवायचं कबूल केलं होतं. आणि ऐन वेळी मोखाड्याच्या रस्त्याचं काम निघालं. पावसानं खचलेल्या जागांचे फोटो हवे होते. त्या दिवसांत तिकडे घरटी एक माणूस तापाने पडलेलं असायचं. मी म्हटलं, नका जाऊ. हे म्हणाले, नोकरी आहे. मग मी बोलणंच सोडलं.

निघायच्या सकाळी ह्यांनी कॅमेरा अंगणात उभा केला. खुर्ची मांडली. मला हाक मारली, "ये गं, दोघांचा काढू."

"मला भाकऱ्या टाकायच्यात," मी आतून म्हटलं. "तुमचा तुम्ही काढा."

थोड्या वेळाने, "येतो गं," असं ऐकू आलं. मी ओ दिली नाही. बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज कोपऱ्यावर जाईपर्यंत भाकरी थापत राहिले. ती करपली.

३

परत आला तो फागू. ह्यांचं सामान वाहणारा, दाभोशाकडचा गडी. वयाने ह्यांच्याहून मोठा, पण ह्यांच्यापुढे मान वर करून न बोलणारा. खांद्यावर कॅमेऱ्याची पेटी, हातात फिल्म ठेवायच्या बंद चौकटींची पिशवी. अंगणात उभा राहिला आणि वर बघेना. मी समजले.

ताप चढला आणि उतरलाच नाही. मला निरोप निघेपर्यंत सगळं आटपलं होतं. मोखाड्याला नदीकाठी ह्यांना पोचवूनही आले होते. शेवटचं तोंड बघायचं म्हणतात ना, तेसुद्धा माझ्या वाट्याला नाही.

"काय बोलले का रे?" मी विचारलं.

फागूने पिशवी पुढे केली. "सायेब तापात व्हतं बाय. एकच बोलत. बाईला सांग, ती नवी फिलम धुशील तं दिवा नको. लाल पन नको. अंधार म्हंजे अंधार."

"दुसरं काही?"

"नाय. दिवा नको, दिवा नको, येवढाच."

मला काय वाटलं सांगू? राग आला. माणूस मरायला टेकला आणि आठवण कसली, तर फिल्मची! बायको म्हणून एक शब्द ठेवू नये? मी तिथेच, फागूच्या देखत, ह्यांना बोल लावला. मेलेल्या माणसाला.

फागू घुटमळला. मग म्हणाला, "यात सायबांचा पन हाय. त्या सकाळचा. सायेब खुडचीवर बसलं, मना तो फोटो काढायचा रबराचा फुगा दिला, बोललं दाब. मी दाबला."

मी खाली बसले. राग गेला.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली, आणि तिची मला भीती वाटू लागली. ह्यांचं तोंड मला आठवेना. आवाज आठवे, पाठ आठवे, चालताना धोतराचा सोगा धरायची रीत आठवे. तोंड आणायला जावं, तर कुठल्या तरी फोटोतला भलताच माणूस समोर येई. दहा गावची तोंडं माझ्या डोक्यात बसलेली, आणि घरच्या माणसाला तिथे जागा नाही. दीर मला न्यायला येणार होते. घर संस्थानचं, ते सोडायचं होतं. कॅमेरा आणि बाकीचं सामान कुणाला तरी देऊन टाकायचं ठरलं होतं. म्हणजे धुवायचं तर आताच.

४

मी दुपार निवडली. मागच्या पडवीत कोंडी भात कांडत होती. फागूच्या नात्यातली, आमच्याकडे कामाला यायची. दार लावून घेतलं तरी तिच्या मुसळाचा आवाज जमिनीतून पायाला लागत होता. बरं वाटलं. बाहेर ऊन आहे, माणूस आहे, असं समजून बरं वाटलं.

एकटीच असल्यामुळे फळी मी भिंतीला टेकवून ठेवली, म्हणजे तबक भिंतीशी अडेल, कलंडणार नाही. दिवाही लावला आणि झाकण घट्ट बंद केलं. काम झाल्यावर ओल्या हातांनी काडी ओढत कुठे बसायचं, म्हणून. गोधडी लावली. काळोख असा पडला, की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळेना.

आधी रस्त्याच्या फिल्म घेतल्या. हात बसावा म्हणून. खाच चाचपली, फिल्म औषधात सोडली, एका हाताने तबकाची कड उचलायची, सोडायची, तोंडाने पाढा. चुळुक, चुळुक. माझ्या हातात आता बांगड्या नव्हत्या, त्यामुळे फक्त पाण्याचा आवाज. पाढा म्हणताना मी अडखळायची, ह्यांच्यासारखा झरझर येत नसे.

फिल्म उलटायला मी कड सोडली. दोन्ही हात औषधात घातले.

चुळुक, चुळुक.

मी थांबले. कोंडीचं मुसळ चाललंच होतं, धप्प, धप्प. फळी हलते, फळीवरचं तबक हलतं, त्यातलं औषध हलतं. हे काय सांगायला हवं? मी फिल्म काढली, पाण्यात घातली, हायपोत घातली. दुसरी घेतली. तिलाही तसंच. मी उलटायला थांबले, की तबक आपलं हलतं आहे. मी म्हटलं, बाई, कोंडीला आज कामाचा हुरूप आला आहे.

पण मुसळ एका चालीने पडत होतं आणि तबक दुसऱ्या चालीने हलत होतं. हे मला ऐकू येत होतं. मी ते मनावर घेतलं नाही.

५

शेवटची चौकट ह्यांची. फागूने तिला दोरा बांधून ठेवला होता, म्हणून चाचपून कळली. फिल्म बाहेर काढली. औषधात सोडली आणि पाढा सुरू केला.

तेवढ्यात दाराबाहेर कोंडीचा आवाज आला. "बाय, भात जाला. मी घरा जातंय."

"जा," मी म्हटलं. "दार ओढून घे."

मुसळ भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, मग कडीचा. मग घरात काहीही आवाज नाही.

मी फिल्म उलटायला दोन्ही हात आत घातले. तबक हलत होतं. कड उचलली जात होती आणि सोडली जात होती, पलीकडच्या बाजूने. जी बाजू भिंतीला टेकली होती, त्या बाजूने.

मी भित्री नाही हो. मी त्याही वेळी हिशेबच केला. फळी कलती असेल. पाय लागत असेल माझा. मी दोन पावलं मागे सरकले आणि हात तबकाबाहेर काढून धरले. चुळुक, चुळुक. किती सराईत! कुठे अडखळणं नाही, कुठे घाई नाही. मला पाढा म्हणायचं भान राहिलं नव्हतं, तरी किती वेळ झाला ते त्या चालीवरून कळत होतं.

मी पुढे झाले. हात लांब केला. आधी तबकाची ओली कड लागली. तिच्यावर बोटं होती.

गार नव्हती, ऊनही नव्हती. औषध जेवढं होतं तेवढीच. मी माझी बोटं त्यांवर ठेवली. ती हलायची थांबली नाहीत. कड उचलली, सोडली, माझ्या हातासकट.

मला आनंद झाला. भीती मागाहून आली, आधी आनंदच झाला. मी म्हटलं, "अहो." मग पुन्हा, "अहो, रागावलात का? मी ओ दिली नाही म्हणून?" कड उचलली, सोडली. आणि मग मनात आलं, हा हात ह्यांचाच कशावरून? बोटांना काही नाव असतं का? ह्या अंधारात मी कुणाचा हात धरून बसले आहे?

हे कसे दिसायचे, ते तर मला ह्यांच्या फिल्मलाच विचारायचं होतं. थोडा दम धरला असता, तर तिने उत्तर दिलं असतं. पण तो हात आत्ता होता.

६

डावा हात दिव्याच्या झाकणाकडे गेला. मला निरोप आठवत होता. शब्दन् शब्द आठवत होता. मला बघायचं होतं.

झाकण सरकवलं.

लाल उजेड पडला तो तबकावर, भिंतीवर, माझ्या हातावर. किती वेळ, तर श्वास आत घ्यावा आणि सोडावा, बस. तेवढ्यात मी जे बघितलं ते असं. कडेवरचा हात कडेवरून सुटला. माझ्याकडे आला नाही. घाईने, अगदी घाबरून, तो औषधात शिरला आणि फिल्मवर उताणा नव्हे, पालथा पडला. दूध उतू जाताना आपण जे हाताला येईल ते झाकण ठेवतो, तसा. नखं तपकिरी होती, आमच्या दोघांची असायची तशी. मनगटावर ओल चमकत होती. मनगटाच्या पलीकडे मी बघितलं, तर तिथे चुना लावलेली भिंत होती.

मी झाकण लावलं.

अंधार. तबक हलत नव्हतं. मी त्या काळोखात उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "चुकले हो, चुकले." मग कड मीच उचलली, मीच सोडली. पाढा जिथून आठवेल तिथून म्हटला. दुसरं काय करणार होते मी? सवयीने फिल्म पाण्यात घातली, हायपोत घातली आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले.

७

गोधडी काढली तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. रस्त्याच्या सगळ्या फिल्म स्वच्छ आल्या होत्या. खचलेला घाट, दगड, रुमाल बांधलेले मजूर. ह्यांनी त्या बघून मान हलवली असती.

ह्यांची फिल्म काळी होती. तव्याच्या बुडासारखी, उन्हात धरली तरी आरपार काही दिसेना. लाल उजेडाने सगळी खाल्ली. खुर्ची, अंगण, ह्यांचा कोट, ह्यांचं तोंड. फक्त उजव्या अंगाला एक जागा वाचली होती. पंजा. पाच बोटं, तळवा आणि मनगटाची सुरुवात. तेवढ्यापुरतं चित्र शाबूत होतं.

मी माझा हात त्यावर ठेवून बघितला. चहूकडून जागा उरली.

दीर आले, त्यांना मी फिल्म दाखवली. ते शिकलेले. म्हणाले, "वहिनी, तुमचाच हात असणार. उजवा तबकात होता ना? लांबून सावली पडली की मोठी दिसते." मीही तसंच म्हणत असते. म्हणायला काय जातं? पण फिल्म आणि माझा हात यांच्यामध्ये लांब असं काही नव्हतं.

मग मी फिल्मखाली कागद घालून चौकट उन्हात लावली आणि तिचा फोटो छापला. काळ्या फिल्ममधून उजेड जात नाही, तेव्हा कागद सगळा पांढराच राहिला. एका अंगाला तो पंजा, आणि पंजात आमच्या घराचं दार. दारात मी.

हो, मी आले होते. घुंगरं कोपऱ्यावर जाईपर्यंत चुलीपाशी होते, असं मी सगळ्यांना सांगितलं, इथेही तेच सांगितलं. पण ह्यांनी फागूच्या हातात फुगा दिला तेव्हा मी पीठभरल्या हातांनी दारापर्यंत आले होते, दाराच्या फळीआड अर्धी लपून, उंबऱ्याच्या आत. ह्यांची पाठ माझ्याकडे होती. ह्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. तिथून मी त्यांच्या मानेकडे बघत उभी राहिले आणि हाक मारायची नाही म्हणून मारली नाही.

एवढा एक हात होता, तर स्वतःचं तोंड झाकायचं होतं हो! मला माझं तोंड घेऊन काय करायचंय?

तो कागद माझ्यापाशी आहे. फळीआडची ती बाई ह्यांच्या जागच्या पांढऱ्या कागदाकडे बघत असते, आणि मला तिचा संताप येतो. मी तिला म्हणते, अगं, तेव्हा उंबरा ओलांडून खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली असतीस, तर एका हाताखाली दोघं मावलो असतो.